चुकीच्या जीपमधून खुटाळवाडी

खुटाळवाडीत मी प्रवेश केला तो शत्रूच्या जीपमधून, शत्रूचं उपरणं गळ्यात घालून आणि शत्रूची मिसळ पोटात घालून.

झालं असं, की हडपसरला बसमधून उतरून मी पुढच्या रिक्षासाठी उभा होतो. तेवढ्यात भोंगा लावलेली एक जीप शेजारी थांबली. जीपच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘खुटाळ’. मी आनंदाने हात केला आणि म्हणालो, ‘‘मी खुटाळांकडेच निघालोय.’’

‘‘मग बसा की, पाव्हणं!’’

बसलो. बसल्या बसल्या कुणीतरी गळ्यात उपरणं टाकलं. प्रचार कार्यालयात नेऊन मिसळ दिली. ती चांगली होती, म्हणून मी मोकळेपणाने बोलू लागलो. ‘‘टॉवरमधली मतं कशी ओढायची ते सांगायला मला मुद्दाम पुण्याहून बोलावलंय. वहिनींना निवडून आणल्याशिवाय मी जात नाही,’’ असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. दुसरा पाव आला. मग मी विचारलं, ‘‘पण अंकुश कुठंय?’’

टाळ्या थांबल्या. कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘‘ह्ये त्या खुटाळांचं पाव्हणं हाईत वाटतं. खालच्या आळीचं.’’

मी अर्धा पाव बशीत ठेवला. ‘‘खावा, खावा,’’ ते म्हणाले, ‘‘पाव काय कुणाचा मतदार नसतोय.’’ आणि पोट भरल्यावर त्यांनी त्याच जीपमधून मला शत्रूच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या, दारात आणून सोडलं. आमच्या शनिवार पेठेत हा प्रकार झाला असता तर मिसळीचा हिशेब पुढची दहा वर्षं ऐकवला असता.

दारात अंकुश उभा होता. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाला, ‘‘दामले, तुला बोलावलं मी. आणि आल्या आल्या पक्षांतर?’’

वाडी

शनिवार पेठेतून खुटाळवाडीला जायला पारपत्र लागत नाही, एवढीच काय ती या परदेशाची सवलत. बाकी सगळं परदेशासारखंच. आमच्यातल्या बऱ्याच मंडळींच्या मते पुणं स्वारगेटला संपतं आणि त्यापुढे थेट सोलापूर लागतं. मधल्या भागात माणसं राहतात, महापालिकेला मतं देतात आणि त्या मतांवर आपल्यावर राज्य कोण करणार ते ठरतं, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. म्हणून हे लिहितो आहे. मी तिथे जाऊन आलो. एकदा नव्हे, दोनदा.

अंकुश खुटाळ माझा कॉलेजातला मित्र. त्याचे वडील सरपंच होते. वाडी महापालिकेत गेली तेव्हा चुलता नगरसेवक झाला, मग अंकुश स्वतः झाला, आणि या खेपेला जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून त्याची बायको शालन उभी होती. पक्षाचं नाव देत नाही. दोन्हीकडच्या खुटाळांनी पक्ष इतक्या वेळा बदललेत, की हे छापून येईपर्यंत माझी माहिती चुकायची.

खुटाळवाडीत सगळेच खुटाळ. वरची आळी आणि खालची आळी. देश स्वतंत्र झाल्यापासून इथली प्रत्येक निवडणूक खुटाळ विरुद्ध खुटाळ अशीच झाली. कुणाची सोयरीक कुठे झाली, बांधावरून कुणाचं भांडण मिटलं, कुणाच्या लग्नात कुणाला आहेर झाला नाही, यावर मतं ठरत. मतदानाच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून अंकुशचे वडील निकाल सांगत आणि तो बरोबर येई. लोकशाहीचं इतकं घरगुती रूप मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मतदान हे लग्नासारखं. आमंत्रण घरटी एकालाच, आणि येणार सगळे.

अडचण एवढीच होती, की आता वाडीच्या तिन्ही अंगांनी टॉवर उभे होते.

‘‘ह्या समोरच्याखाली आमचा कांदा होता,’’ अंकुश बोट दाखवून म्हणाला. ‘‘त्याच्या पल्याड सोपानकाकाचा ऊस.’’ सोपानकाका म्हणजे वरची आळी. माझ्या मिसळीचे यजमान. त्यांची सून शालनवहिनींच्या विरुद्ध उभी होती.

खुटाळांनी जमिनी विकल्या तेव्हा सगळं मोजून दिलं. विहीर, बांध, आंब्याची झाडं, म्हशीचा गोठा. गाड्या आल्या, संगमरवरी जिने आले, प्रत्येक घरासमोर सिमेंटचे दोन सिंह आले. फक्त त्या जमिनीवर उद्या जी माणसं राहायला येतील त्यांना मत असतं, एवढं कुणाच्या हिशेबात आलं नाही. या वेळच्या मतदार यादीत वाडीची माणसं पहिल्या काही पानांत आटोपली होती. उरलेला सगळा गठ्ठा टॉवरचा.

‘‘तुझ्यासारखी माणसं आहेत तिथं,’’ अंकुश म्हणाला. ‘‘शिकलेली, चिकट, हजार प्रश्न विचारणारी. त्यांच्याशी बोलायचं कसं ते तू सांग. तू तुमच्या सोसायटीचा चेअरमन आहेस ना?’’

आहे. आमच्या इमारतीत दहा बिऱ्हाडं आहेत आणि मी त्यांचा चेअरमन आहे. माझा शब्द तिथे कसा झेलला जातो याचं थोडंसं रंगवलेलं वर्णन मी अंकुशला फोनवर वेळोवेळी ऐकवलेलं होतं. कधी ना कधी ते असं अंगावर येणारच होतं.

जेवण

दुपारी बाजरीची भाकरी, भरलं वांगं, खर्डा आणि ताक. मी नको म्हणत असताना तिसरी भाकरी पानात पडली. आमच्याकडे पाहुण्याला ‘घेणार का’ असं विचारतात आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतात. इथे विचारतच नाहीत. दोन्ही पद्धतींत पाहुण्याचे हाल होतात, पण इथे निदान पोट भरलेलं असताना होतात.

वाढता वाढता शालनवहिनी बोलत होत्या. त्यांना खरं म्हणजे उभंच राहायचं नव्हतं. अंकुशने परस्पर अर्ज भरायची तयारी केली तेव्हा त्या चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण मग प्रचाराला बाहेर पडल्या, आणि काहीतरी झालं. रोज संध्याकाळी टॉवरच्या फाटकाशी त्यांच्या मळ्यातली भाजी विकायला असते, तिथे त्या स्वतः जाऊन बसू लागल्या. टॉवरमधल्या बायका यायच्या, पालक निवडायच्या आणि बोलायच्या.

‘‘भाऊजी, त्यांच्याकडं नळाला पाणीच न्हाई,’’ वहिनी मला सांगत होत्या. ‘‘सातव्या मजल्यावर राहत्यात आन् आंघोळीला टँकरची वाट बघत्यात. आमची विहीर त्यांच्या पार्किंगखाली गाडली. तिचं पाणी मी लहान सून होते तेव्हा शेंदलंय. मला निवडून यायचंय. पहिल्यांदा वाटलं नव्हतं. आता वाटतंय.’’

शेवटचं वाक्य त्यांनी भाकरीकडे बघत म्हटलं. नवऱ्याच्या देखत एवढं मोठं काही मागायची त्यांना सवय नसावी.

अंकुश म्हणाला, ‘‘बायांशी बोलून काय होतंय? घरातला माणूस सांगंल तिथं त्या मत टाकत्यात. तू मुख्य माणूस गाठ. प्रत्येक टॉवरला एक पाटील असणारच. काय, दामले?’’

आणि मी तोंडातला घास गिळून म्हणालो, ‘‘असतो. त्याला चेअरमन म्हणतात.’’

टॉवर

टॉवरच्या फाटकावर अंकुश, वहिनी आणि मी अशा तिघांची झडती झाली. पहारेकऱ्याने नाव, गाव, फ्लॅट नंबर, काम, सगळं हिंदीत विचारलं. पन्नास पावलांवर जन्मलेला अंकुश ‘कहाँ से आये’ हा प्रश्न ऐकून मागे वळून आपल्या घराकडे बघू लागला. मग म्हणाला, ‘‘इधर से ही.’’ पहारेकऱ्याला ते पटलं नाही. त्याने आम्हाला ‘बाहरवाले’ या रकान्यात टाकलं.

आतली दुनिया वेगळीच. प्रत्येक इमारतीला परदेशातल्या फुलाचं नाव. झाडांना अंगरखे घालावेत तशा पट्ट्या. माणसं कुत्र्यांशी इंग्रजीत बोलत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. लिफ्टमध्ये आमच्याखेरीज चौघं होते, एकमेकांना अनोळखी, आणि सगळे मजल्यांच्या आकड्यांकडे इतक्या भक्तिभावाने बघत होते, की मीही नकळत हात जोडले. इथे लोक दहा-दहा वर्षं राहतात आणि गावाला ‘बाल्कनीतून दिसतं ते’ एवढंच ओळखतात. काकड आरतीचा आवाज जास्त येतो म्हणून तक्रार तेवढी करतात. वाडीला टॉवर हे मतांचं गोदाम वाटतं आणि टॉवरला वाडी हे आवाजाचं. दोघांनी एकमेकांना एकदाही जेवायला बोलावलेलं नाही.

पण त्याआधी तळमजल्यावरच्या फलकाशी मी थांबलो आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. ‘दोरीवर वाळत घातलेले कपडे इमारतीच्या सौंदर्यात भर घालत नाहीत.’ ‘चेंडू हरवल्यास चेअरमन जबाबदार नाहीत; काच फुटल्यास तुम्ही आहात.’ ‘टँकर उशिरा आल्याबद्दल विचारण्यासाठी बेल वाजवू नये. उत्तर ठरलेलं आहे.’ खाली सही: कर्णिक, चेअरमन.

‘‘हा आपला माणूस!’’ मी अंकुशला म्हणालो.

कर्णिक साहेब निवृत्त होते आणि आयुष्यभर निवृत्त असल्यासारखे दिसत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, ते टँकरचं असल्याची कल्पना दिली आणि पाऊण तास एकटे बोलले. सोसायटीत शिस्त त्यांनी आणली. लिफ्टचं वेळापत्रक त्यांनी लावलं. ‘‘एक बाई सोडल्या तर इथे माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही.’’

‘‘कोण बाई?’’ शालनवहिनींनी विचारलं. तेवढ्या भेटीत त्यांचं हे एकच वाक्य.

‘‘त्या उमरेडकर मॅडम. नागपूरकडच्या. प्रत्येक मीटिंगमध्ये पाण्यावरून माझ्याशी वाद घालतात. आता म्हणे तुमच्याच निवडणुकीत अपक्ष उभ्या आहेत! अनामत जाईल, तेव्हा कळेल.’’

अंकुश हसला. मीही हसलो. ‘माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही’ हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा म्हटलेलं आहे, की ते खोटं असू शकतं ही शंका माझ्या मनाला शिवलीच नाही. दुसऱ्याचा खोटेपणा माणूस ओळखतो. स्वतःचा मात्र दुसऱ्याच्या तोंडून आला की अगदी शपथेवर खरा वाटतो.

जिना उतरताना वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, भाजीवर ह्या कर्णिकांचं नाव काढलं की बाया पालक तिथंच ठेवून जात्यात.’’

‘‘पालकाला भाव जास्त सांगत असाल,’’ मी म्हणालो. वहिनी भराभर पुढच्या पायऱ्या उतरल्या. मला वाटलं, विनोद आवडला.

सत्कार

पाटलाला मान दिला की गाव मागे येतं, हा वाडीचा जुना अनुभव. तेव्हा ठरलं की कर्णिकांचा सत्कार करायचा. फेटा, शाल, श्रीफळ. अंकुशच्या कार्यकर्त्यांनी घरात जाऊन गुपचूप करू असं सुचवलं होतं. मी म्हणालो, ‘‘छे! सगळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणजे चेअरमन कुणाच्या बाजूने आहेत ते कळेल.’’ हे मी म्हणालो. इतर कुणाच्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी वाडीतून हलगी निघाली. फाटकावर पहारेकऱ्याने हलगीचा फ्लॅट नंबर विचारला. कर्णिक स्वतः खाली आले आणि त्यांनी हलगीला आत सोडलं. ‘मोठ्याने वाद्ये वाजवू नयेत’ हा त्यांचाच फलक त्या वेळी हलगीवाल्याच्या बरोबर मागे होता. पार्किंगमध्ये खुर्ची मांडली. कर्णिकांच्या डोक्याला फेटा बसेना. दोनदा कानांवर आला. शेवटी त्यांनी तो हाताने धरून ठेवला आणि पाण्यावर, शिस्तीवर आणि आपल्यावर भाषण केलं. ‘‘या सोसायटीचं एकेक मत शालनताईंना!’’ असं जाहीर केलं.

खाली कुणी आलं नव्हतं. पण वर बघितलं तर प्रत्येक बाल्कनीत माणसं. तळापासून शेंड्यापर्यंत. सगळ्यांच्या हातात मोबाइल, सगळे चित्रण करत होते.

‘‘बघ!’’ अंकुश माझ्या कानात म्हणाला. ‘‘आख्खी सोसायटी लोटलीय.’’

मला भरून आलं. मी वर हात हलवला. एका बाल्कनीतून एका पोरीने हात हलवला. तिच्या आईने तो खाली धरला.

शालनवहिनी खुर्चीशेजारी उभ्या होत्या. भाजीवर येणारी कुणी ओळखीची दिसते का, म्हणून त्या एकेक मजला बघत असाव्यात. तिसऱ्या मजल्यावर कुणी दिसलं वाटतं, कारण त्यांनी पदर सावरून ओळखीचं हसू केलं. वरून बाल्कनीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मी ते तेव्हाही ऐकलं होतं. हलगीमुळे नीट लक्ष गेलं नाही, असं आता म्हणतो.

त्या संध्याकाळी भाजीच्या गाडीवर कुणी बोललं नाही, असं वहिनी सांगत होत्या. बायका आल्या, घेतलं, गेल्या. एकीने जाता जाता एवढंच म्हटलं, ‘‘तुम्हीसुद्धा कर्णिकांकडच्याच का?’’

मतमोजणी

निकालाला मी पुन्हा गेलो. या वेळी रिक्षाने. जीपवरचं नाव पूर्ण वाचल्याशिवाय चढायचं नाही एवढं मी शिकलो होतो.

यंत्रं येऊन इतकी वर्षं झाली तरी वाडीच्या तोंडी अजून ‘पेटी’च. वाडीच्या पेट्या आधी उघडल्या. वरची आळी सोपानकाकांच्या सुनेला, खालची आळी शालनवहिनींना, नेहमीप्रमाणे. वहिनी थोड्या पुढे. अंकुशने गुलालाच्या पोत्याची सुतळी सैल केली. सोपानकाका समोरच्या मांडवात बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओळख दिली, आणि मिसळीबद्दल मला पुन्हा एकदा ओशाळं वाटलं.

मग टॉवरच्या पेट्या लागल्या.

पहिली उमरेडकर. दुसरी उमरेडकर. तिसऱ्या पेटीनंतर अंकुशने भोंग्यावरच्या माणसाला ‘नीट वाच’ म्हणून ओरडून सांगितलं. तो नीटच वाचत होता. मग कर्णिकांच्या इमारतीची पेटी आली. कर्णिकांच्या घरात जेवढे मतदार होते, तेवढीही मतं त्या पेटीत शालनवहिनींना पडली नव्हती. म्हणजे त्यांच्या घरातूनही कुणी फुटलं होतं.

स्वातंत्र्यापासून पहिल्यांदा खुटाळवाडीत खुटाळ निवडून आला नाही. दोन्ही खुटाळ मिळून पडले. सोपानकाका आपल्या मांडवातून उठून आमच्याकडे आले. अंकुशशेजारी बसले आणि आपल्या उसाच्या जागेवरच्या टॉवरकडे बघू लागले. ‘‘माझ्या उसाला कधी एवढी वाढ आली न्हाई,’’ सोपानकाका म्हणाले.

मी अंकुशला समजावत होतो, की हा लोकसंख्येचा प्रश्न आहे, उपनगरांमध्ये सगळीकडे असंच घडतंय. शब्द सगळे बरोबर होते. अंकुशने एवढंच विचारलं, ‘‘मग सत्कार कशाला केला आपण?’’

शालनवहिनी मांडवाच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या. उमरेडकर मॅडमची मिरवणूक टॉवरच्या फाटकातून बाहेर येत होती. गुलाल नव्हता. बायका होत्या, खूप. त्यातल्या बऱ्याच जणींना वहिनी भाजीमुळे ओळखत होत्या. एकीने लांबून हात केला, थांबली आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही त्या माणसाला फेटा नसता बांधला तर...’’ वाक्य तिने पुरं केलं नाही. गर्दीने तिला पुढे नेलं.

वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पाणी येईल का हो त्यांना आता?’’ मी म्हणालो, येईल. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ‘‘मी आणणार हुते,’’ म्हणाल्या.

घरी

हे सगळं मी रात्रीच्या जेवणाला सुलभाला, म्हणजे आमच्या सौ.ना, सांगितलं. वाडीला हसलो. टॉवरला हसलो. कर्णिकांच्या फेट्याची नक्कल करून दाखवली. सत्काराची कल्पना ‘आमची’ होती असं म्हणालो. ‘‘आणि बघ, त्या माणसाचं स्वतःच्या इमारतीत कुणी ऐकत नाही आणि त्याला पत्तासुद्धा नाही!’’ असं म्हणून मी ताक मागितलं.

ताक वाढता वाढता सुलभाने विचारलं, ‘‘आपल्या इमारतीत या वेळी कुणाला मत द्यायचं ते तुम्ही जिन्यात फलक लावून सांगितलं होतंत ना?’’

‘‘सांगितलं नव्हतं. सुचवलं होतं.’’

‘‘पहिल्या मजल्यावरच्या जोगळेकर वहिनी, वरच्या आजी आणि मी, आम्ही जिन्यातच ठरवलं. तुमच्या फलकावरचं नाव सोडून दुसरं कुठलंही.’’

मी ताकात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

‘‘दर वेळी तसंच ठरवतो,’’ ती म्हणाली. ‘‘सोपं पडतं.’’ मग तिने भांडं खाली ठेवलं. ‘‘पण त्या शालनवहिनींचं वाईट वाटलं हो. पहिल्या दिवशी तुम्ही त्या सोपानकाकांच्या जीपमध्ये बसला होतात ना? तिथून उतरायलाच नको होतं तुम्ही.’’